अकराव्या फेरीतला पूर्णविराम

मित्रांनो, मी एक जुना ब्लॉग आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. झाडांमध्ये हे वय काहीच नाही, पण ब्लॉगांमध्ये मला आजोबा म्हणतात.

माझे मालक लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टमध्ये माणसं कशी वागतात, हे लिहिण्यासाठी त्यांनी मला काढलं. पहिलाच लेख मालकांच्या मावशींनी न वाचता 'सुंदर!' ठरवला. मी हुरळून गेलो.

मग मालकांना जुळ्या मुली झाल्या. एक झोपली की दुसरी ड्यूटीवर हजर. पुढच्या तीन वर्षांत माझ्यावर अकरा लेख आले आणि अकराही लेखांचं शीर्षक होतं, 'बरेच दिवस लिहिलं नाही, माफ करा'. शेवटचा माफीनामा तर उपशीर्षकांसह तीन पानी होता.

मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, वेळ नाही हे सांगायला दीड तास घालवलात?"

"मनापासून माफी मागायची म्हणजे वेळ लागतोच," मालक म्हणाले.

पुढे माफ्याही बंद पडल्या. वर्षभर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. शेवटी मला जागा देणाऱ्या कंपनीची नोटीस आली: एकतीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत नवा लेख आला नाही, तर हा ब्लॉग कायमचा पुसला जाईल.

एकतीस तारखेला मालक एका आठ मजली कचेरीची लिफ्ट दुरुस्त करत होते. पाच वाजता काम संपलं. आता त्यांच्या धंद्याचा एक नियम आहे. दुरुस्तीनंतर मेकॅनिकने एकट्याने दहा वेळा वर-खाली जाऊन दाखवायचं. एरवी मालक या फेऱ्यांत छताकडे बघत उभे राहत. त्या दिवशी त्यांनी मोबाइल काढला. एक फेरी, एक वाक्य!

पाचव्या वाक्याला एका साहेबांनी आत पाय टाकला.

"साहेब, टेस्टिंग चालू आहे."

"अहो, तुम्ही तर टाइप करताय!"

"त्याचंही टेस्टिंगच आहे. पाय काढा."

दहा फेऱ्या झाल्या, पण शेवट सुचेना. सहाला आठ मिनिटं कमी. खाली तेवीस माणसं ताटकळलेली.

वॉचमनकाका वैतागले, "झाल्या की दहा! सोडा आता लोकांना."

"काका, अकरावी होऊ द्या. पूर्णविराम राहिलाय."

काका गर्दीकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "मागे सरा. लिफ्टचा पूर्णविराम बसवायचा राहिलाय."

तेवीस माणसं आदराने मागे सरली.

सहाला दोन मिनिटं कमी असताना मालक बाहेर आले, त्यांनी मोबाइलवर 'प्रकाशित करा'चं बटण दाबलं आणि मी जगलो!

आज माझ्यावर चौसष्ट नवे लेख आहेत. दोन मजली दवाखान्यात वाक्यं आखूड येतात. बावीस मजली इमारतीत मात्र क्रियापद गाठायला तळघरापर्यंत उतरावं लागतं. परवा एका अनोळखी वाचकाने लिहिलं, 'चौथं वाक्य जमलं नाही.' मित्रांनो, म्हणजे कुणीतरी चौथ्यापर्यंत पोहोचतं!

तुमचाही एखादा ब्लॉग कुठेतरी उपाशी बसला असेल. त्याला निवांत वेळेचं आश्वासन देऊ नका, आज एक वाक्य द्या. अगदी तळमजल्यावरचं असलं तरी चालेल. वर न्यायचं काम आमचं.