हवेवर चालणारी फटफटी

घोडपदेवला आमच्या चाळीसमोर त्या मंगळवारी एवढी गर्दी जमली की नळाच्या रांगेतल्या बायका हंडे जागेवर सोडून धावल्या. मागे नळ वाहत राहिला आणि कोणालाही त्याचं काही वाटलं नाही. यावरूनच चमत्कार केवढा होता ते ओळखा.

गर्दीच्या मधोमध एक काळी मोटरसायकल उभी होती. हँडलला मोरपिसं, दिव्याला झेंडूची माळ, आणि मागे, दुसऱ्या माणसाने बसायचं तिथे, पत्र्याचा गुडघाभर उंच देव्हारा. वर पितळी कळस, पुढच्या कोनाड्यात वीतभर मारुती, बाकी सगळीकडून बंद. खालून चहूबाजूंनी भगव्या कापडाची झालर सोडलेली.

गाडीचे मालक वायुनंद महाराज. भगवी कफनी, पायात काळे बूट, डोळ्यांवर गॉगल. त्यांनी पुढच्या टाकीचं झाकण काढलं आणि बॅटरीचा झोत टाकून एकेकाला आत बघायला बोलावलं.

"वाकून बघा, लाजू नका. आहे थेंब? नाही. वास घ्या. पेट्रोलचा येतो? गुलाबपाण्याचा येतो. हिमालयातून निघालो तेव्हापासून या गाडीने पंपाचं तोंड पाहिलेलं नाही. ही फक्त हवा पिते. हवा कोणाची? पवनपुत्राची. तुमच्या मुंबईत रॉकेलला लाइन, दुधाला लाइन. हवेला आहे का लाइन? अरबस्तानातले शेख येऊन पाया पडले माझ्या. म्हणाले, महाराज, हे थांबवा, आमच्या विहिरी ओस पडतील."

मग किक मारून ते फटफटत शिवडीकडे गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. टाकी पुन्हा उघडली. कोरडी ठणठणीत. लोक पायांवर पडू लागले.

पहिल्या रांगेत माझे धाकटे दीर होते, उत्तमभावोजी. भावोजी गिरणीत फिटर. संपाला दोन वर्षं उलटून गेली होती. आमचे हे गावी जाऊन शेती बघत होते, आणि इकडे सासूबाई, भावोजी, मी आणि माझी सात महिन्यांची बकुळा, असे चौघे एका खोलीत. इतक्या दिवसांनी भावोजींना शिवडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गॅरेजातून चिठ्ठी आली होती. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं, नाही झालं तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. ती चिठ्ठी सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात ठेवली होती. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

महाराजांनी गॉगल वर करून भावोजींचे हात हातात घेतले. काळं तेल मुरलेली नखं निरखली. म्हणाले, "बाळा, या हातांत सिद्धी आहे. गॅरेजात कुजवू नकोस. रविवारी अकरा फेऱ्या पूर्ण करून मी द्वारकेला निघतो. या गाडीची सेवा तुझ्याकडे."

झालं. संध्याकाळी भावोजींनी जाहीर केलं की ते शिवडीला जाणार नाहीत. सासूबाईंचा चेहरा पडला. "देवाक नाय कसां म्हणूचां?" एवढंच म्हणाल्या आणि भात ढवळत राहिल्या. तो भात त्या दिवशी खाली लागला.

मला संशय आला तो दुसऱ्या दिवशी. सासूबाई, म्हणजे चाळीच्या सखुबाई, निरांजन घेऊन मारुतीसमोर गेल्या, तर महाराजांचा शिष्य दगडू तीरासारखा धावून आला आणि त्याने फुंकर मारून ज्योत विझवली. या मारुतीला दिवा चालत नाही, उदबत्ती चालत नाही, कापूर तर मुळीच नाही, हा स्वतःच तेज आहे, असं त्याने सांगितलं. काही लावायचंच असेल तर शेंदूर लावा म्हणाला.

सासूबाई परत आल्या आणि वात चिमटीत धरून बसून राहिल्या. "मारुतीक दिवो चलणा नाय? ह्यां मियां पयल्यांदाच आयकतंय."

मीही पहिल्यांदाच ऐकत होते. देव आगीला घाबरतो, हे मला चमत्कारिक वाटलं. पण नुसतं वाटून काय होणार? चाळीत तेव्हा गाडीबद्दल शंका काढणं म्हणजे कोणाच्या लग्नात शिंकण्यासारखं होतं.

शनिवार मारुतीचा. दिवा बंद, उदबत्ती बंद, मग बायकांची सगळी भक्ती शेंदरात उतरली. घराघरातून तेलात कालवलेला शेंदूर आला. मारुतीचे डोळे बुजले, कोनाडा भरला, हात पुरला तशी बोटं वर कळसापर्यंत गेली. चार वाजता महाराज फेरीला निघाले आणि कोपऱ्यावर, इराण्याच्या दुकानासमोर, गाडी दोन आचके देऊन थांबली. महाराज किक मारून घामाघूम झाले. मग गॉगल सावरून म्हणाले, इथे मनात शंका धरून कोणी उभं आहे, त्याने मागे व्हावं.

सगळी गर्दी माझ्याकडे बघू लागली, कारण दिव्याबद्दलची शंका मी एकदा नळावर बोलून बसले होते. माझ्या कडेवर बकुळा, तिच्या तोंडात माझा पदर. मी चार पावलं मागे झाले. तेवढ्यात दगडूने पुढे होऊन कळसाला दोन्ही हातांनी नमस्कार केला. करताना मनगटं जराशी वळवली. फुस्स असा बारीक आवाज झाला. महाराजांनी किक मारली आणि गाडी सुरू. जयजयकार झाला. एक शेजारीण मला म्हणाली, "बघ, तू सरलीस आणि चालू झाली."

अपमान गिळून मी घरी आले. बकुळा भुकेने रडत होती. तेव्हा तिला नुकतीच बाटली लावली होती, म्हणून घाईघाईने दूध भरलं, बूच घट्ट पिळलं आणि बाटली तिच्या तोंडात दिली. पोरगी चार घोट ओढून थांबली. गाल आत गेलेले, डोळे माझ्यावर रोखलेले, दूध काही येईना. बुचाचा रबर आत ओढला जाऊन चपटा झाला होता. मी बूच अर्धा फेरा सैल केलं. फुस्स. दुधात बुडबुडा वर गेला आणि ती पुन्हा चपचप पिऊ लागली.

मी बाटलीकडे बघत राहिले. हाच तो आवाज.

बाटलीतून दूध बाहेर यायचं तर त्याच्या जागी हवा आत जायला हवी. हवेची वाट बुजली की दूध अडतं. मग कळसाखाली असं काय होतं की वाट बुजली की गाडी अडते आणि सैल केली की चालते? दिवा का चालत नाही, तेही मला एकदम उमगलं. बकुळेचा पापा घेतला आणि तिला म्हटलं, "बाई गं, तू शाळेत जायच्या आधीच मला शिकवायला लागलीस."

भावोजींना सांगितलं तर ते कावले. देवाच्या पेटीला संशयाने हात लावणार नाही, म्हणाले. एकदा गाडी बंद पडली त्यावरून तू काय वाटेल ते जुळवतेस, असंही म्हणाले. यात त्यांचं चुकत नव्हतं. एकदा घडतं ते योगायोगानेही घडू शकतं.

"बरं, मग मुद्दाम घडवून बघू," मी म्हटलं. "उद्या निघायच्या आधी मी कळसाला शेंदूर लावते. आत्ताच सांगून ठेवते, अकरा फेऱ्या सोडा, तिसरीच्या आत गाडी बंद पडेल. नाही पडली तर तुमची द्वारकेची पिशवी मी स्वतः भरून देईन. पडली तर दगडूच्या आधी तुम्ही कळस बघायचा. देव म्हणून नाही, फिटर म्हणून."

भावोजींनी बोटं मोडली. मग म्हणाले, "पडायची नाही, वहिनी. पण चालेल."

रविवारी सकाळी मी वाटीभर शेंदूर तेलात चांगला घट्ट कालवला आणि गर्दीतून पुढे गेले. कळस घासूनपुसून लख्ख केलेला होता, दगडूने पहाटेच साफ केला असणार. मी मनोभावे बोटं फिरवली. टोकापासून बुडापर्यंत एक कण पितळ दिसू दिलं नाही. सासूबाईंचे डोळे पाणावले. सुनेला सुबुद्धी सुचली, असं त्या शेजारणीला सांगत होत्या.

पहिली फेरी झाली. भावोजींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. सोमवार माझ्या हातातून निसटत होता. दुसऱ्या फेरीला गाडी वळून परत आली, चाळीपर्यंत पोहोचली, आणि बरोबर आमच्या जिन्यासमोर तिने आचका दिला. दुसरा दिला. थांबली.

दगडू नमस्काराचे हात जोडून निघालाच होता. मी त्याच्या आणि कळसाच्या मध्ये उभी राहिले.

"दगडूभाऊ, थांबा. भावोजींना बघू द्या."

महाराज गरजले, "बाईमाणसाने मध्ये पडू नये. अपवित्र हात लागला तर गाडी भस्म होईल."

"मी कुठे हात लावतेय, महाराज? ज्या हातांत सिद्धी आहे असं तुम्हीच म्हणालात, तेच हात लागणार आहेत."

गर्दीत कोणीतरी हसलं.

भावोजी पुढे आले. आधी त्यांनी कळसाला खरोखरच नमस्कार केला. मग नखाने शेंदूर खरवडला. कळसाच्या मानेत सुईएवढं भोक निघालं आणि ते मोकळं होताच सूं करून हवा आत ओढली गेली. भावोजींचा चेहरा तिथेच बदलला. भक्ताचा गेला आणि फिटरचा आला. त्यांनी किक मारली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यांनी ती बंद केली.

"सगळ्यांनी बिड्या विझवा आणि लांब व्हा," ते शांतपणे म्हणाले. झालर वर केली. देव्हाऱ्याच्या बुडातून एक रबरी नळी निघाली होती, सीटखालून सांगाड्याला बांधून ती इंजिनापर्यंत आणली होती आणि पुढच्या टाकीच्या नळीला तिथे तीन तोंडांच्या तिवाट्याने जोडली होती. पुढच्या टाकीची तोटी बंद, मागची चालू. भावोजींनी तोटी फिरवली, सांधा सोडवला, इराण्याकडून आणलेला काचेचा ग्लास खाली धरला आणि तोटी पुन्हा उघडली. ग्लास भरू लागला.

त्यांनी तो आईच्या नाकाशी नेला. सासूबाईंनी वास घेतला, बोट बुडवून पुन्हा घेतला. मग महाराजांकडे वळल्या.

"मेल्या, चार दिवस माका टाकीच्या पाया पडाक लावलंस?"

त्यानंतर जो हशा उठला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. माणसांना नळी समजली. बायकांसाठी मी बकुळेची बाटली उलटी धरली, बूच घट्ट करून आणि सैल करून दाखवलं. पोरं वाढवलेल्या बायका त्या, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. महाराजांची एक गोष्ट मात्र खरी निघाली. त्यांच्या गाडीला हवा लागत होती, सुईच्या भोकाएवढी.

लोक अंगावर जाणार असं दिसलं तेव्हा भावोजीच आडवे आले. महाराज पायरीवर बसले होते. गॉगल काढल्यावर ते चाळीतल्या कोणाही दमलेल्या माणसासारखे दिसत होते. त्यांना पूर्वी मोटरसायकलवरून देशभर हिंडायचा नाद होता, असं त्यांनी सांगितलं. लांबच्या पल्ल्यात पंप लवकर सापडत नाहीत म्हणून मागे जादा टाकी बसवली. मुक्कामाच्या गावी लोक रात्रीतून पेट्रोल काढून न्यायचे, म्हणून वर मारुती बसवला. भिंतीवर कोणी थुंकू नये म्हणून आपण देवाच्या फरशा लावतो ना, तसा.

"पेट्रोल वाचलं," ते म्हणाले, "पण लोक पाया पडायला लागले. नारळ ठेवायला लागले. मग मलाच ते सोडवेना."

"आणि मी कशाला हवा होतो?" भावोजींनी विचारलं.

"नळीला चिरा पडल्या आहेत. दगडूला त्यातलं काही कळत नाही. मेकॅनिक मिळत नव्हता."

भावोजींनी ती नळी तेवढ्यातल्या तेवढ्यात बदलून दिली. चिरलेली नळी गरम इंजिनावर ठिबकली तर माणूस जळेल, आणि फसवणारा झाला तरी जळावा असं नाही, म्हणाले. दुपारी दोघे द्वारकेकडे न जाता आले त्या वाटेने गेले. मारुती सासूबाईंनी ठेवून घेतला. त्याला आता रोज दिवा चालतो.

सोमवारी भावोजी साडेसातलाच शिवडीला पोहोचले. गॅरेजात ट्रकांची कामं असत, पण दोन वर्षांत त्यांचा हात लांब हिंडणाऱ्या मोटरसायकलींवर बसला. लडाखला जाणारे, कन्याकुमारीला जाणारे जादा टाकी बसवायला त्यांच्याकडे येऊ लागले. ते गिऱ्हाइकाला बजावून सांगतात की टाकी इंजिनापेक्षा उंच ठेवा, वजन मागे फार लोंबू देऊ नका, पेट्रोल गाळायची जाळी दर खेपेला धुवा, नळी वर्षाला बदला. एवढं करूनही एका दसऱ्यानंतर तीन गाड्या बंद पडून परत आल्या. तिन्हींच्या टाकीच्या झाकणाला घरच्यांनी पूजेचं कुंकू फासलं होतं. तेव्हापासून भावोजी झाकणावरच्या भोकाभोवती पांढऱ्या रंगाचा गोल काढतात आणि शेजारी लिहितात, "इथे कुंकू लावू नये."

मला वाटतं, त्या महाराजांनी आम्हाला फसवलं त्याहून जास्त आम्हीच त्यांना महाराज केलं. टाकीत डोकावायला आम्ही वाकलो, कारण त्यांनी तिथेच वाकायला सांगितलं. मागे बघायला कोणी सांगितलं नाही, म्हणून बघितलं नाही. तेव्हा एवढंच सांगणं आहे. कोणी एक गोष्ट उघडून दाखवू लागला, तर झाकलेली कोणती ते विचारा. विचारलं म्हणून खरा देव रागावत नाही. आणि कोणाच्या शब्दावर हातातलं काम सोडायच्या आधी एकदा स्वतःच्या बोटांनी नळी शोधा.