मॅकफर्लन कपचा बदली घोडा

शनिवारी धोंडूची नोकरी गेली. पण ते आपण अजून ऐकलेलंच नाही असं धरू. सध्या गुरुवार आहे, साल चौऱ्याऐंशी, आणि धोंडू रेसकोर्सच्या हॉलमध्ये शिडीवर उभा आहे.

संपाआधी परळच्या मिलमध्ये धोंडूने अकरा वर्षं बदली म्हणून काढली. जो गैरहजर, त्याच्या जागी उभं राहायचं, त्याच्याच नंबरावर राबायचं. अक्षर मात्र सुरेख. डिलाईल रोडच्या चाळीतला गणपतीचा बोर्ड तोच रंगवायचा. त्या बळावर हे काम मिळालं होतं. मॅकफर्लन कपचा इतिहास, म्हणजे त्या वार्षिक शर्यतीचे एकवीस सालापासूनचे विजेते घोडे, सागवानी फळ्यावर सोनेरी रंगात उतरवायचे. पसंत पडलं तर कायम.

क्लार्क तात्या वहीतून वाचत होते. "एकवीस. सिल्व्हर आर्च. वय तीन. बावीस. लेडी मार्गो. वय तीन."

चाळीस सालापाशी ब्रश थांबला. "तात्या, ह्याचं वय वाढत कसं नाय?"

"शर्यतच तीन वर्षांच्यांची रे. चार झाली की बाद."

"चौथ्या वर्षी घरी? आणि ग्रॅच्युइटी?"

"धोंडू, घोडा आहे तो."

"तेच तर. नाव दरसाल वेगळं, वय तेच. मिलमधला आमचा शिवा रिटायर व्हायला नको म्हणून सात वर्षं सत्तावन्नचाच होता."

"अरे, यात लेडी मार्गोसारख्या घोड्याही आहेत!"

"मग? बायकांच्या वाइंडिंग खात्यात सखुबाईच्या नंबरावर मी महिनाभर होतो."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही घोडा जवळून पाहिला नव्हता.

एकच घोडा, त्रेसष्ट वर्षं, दुसऱ्यांच्या नावावर! धोंडूला भरून आलं. शुक्रवारी फळा पूर्ण करताना त्याने प्रत्येक नावापुढे बारीक, सुबक अक्षरांत 'बदली' लिहिलं.

शनिवारी सेक्रेटरीसाहेबांनी तात्यांकडून त्याचा अर्थ समजून घेतला. बराच वेळ फळ्याकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "खरंच एकच आहे का?"

"वहीत तशी नोंद नाही, सर."

धोंडूला तिथल्या तिथे काढलं.

रविवारी तो सेक्रेटरीसाहेबांना अर्ज लिहायला बसला. "घोड्याचं मागाहून," बायको गुणवंती म्हणाली. "आधी आपलं लिवा."

"तो सीनियर आहे," धोंडू म्हणाला.

'सदर घोडा सलग त्रेसष्ट वर्षे बदली म्हणून धावत आहे. वर्षातून एकच दिवस काम दिल्याने, कायम होण्यासाठी लागणारे २४० दिवस भरण्यास त्यास आणखी १७७ वर्षे लागतील. तरी तेवढी सूट देऊन सदर घोड्यास व खाली सही करणाऱ्यास एकाच तारखेपासून कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.'