'मी जाईन' लिहिलेला फळा

मित्रांनो, मी फळा आहे. सागवानी चौकटीचा, तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत वाढलेला आणि म्हणूनच जरा कडक स्वभावाचा. कुणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं की आजही माझं लाकूड करकरतं. तुमच्याएवढी मुलं माझ्यापुढे मांडी घालून बसायची. सुट्टी लागायच्या आधी ती टॉर्चच्या जुन्या सेलमधला काळा मसाला माझ्या अंगाला चोळायची आणि मी नवरदेवासारखा चमकत राहायचो.

आमचे मराठीचे गुरुजी क्रियापदाचे चार अर्थ माझ्यावर लिहून द्यायचे. 'तो येतो' हा स्वार्थ. 'तू ये' हा आज्ञार्थ. 'तो यावा' हा विध्यर्थ. 'तो आला असता, तर बरं झालं असतं' हा संकेतार्थ. मुलं घोकायची, पुसायची आणि घरी जायची. तेव्हा मला ही नुसती परीक्षेपुरती वाक्यं वाटायची.

पुढे शाळेत पांढरा गुळगुळीत बोर्ड आला आणि माझी रवानगी मोडक्या बाकांच्या खोलीत झाली. तिथून मला मांडवगण फराट्याच्या जयसिंग आप्पांनी नेलं. कशासाठी, ऐकाल तर हसाल. कोंबड्यांच्या खुराड्याला दार हवं होतं म्हणून! पण टेम्पोतून उतरवतानाच त्यांचा मुलगा विश्वजीत आडवा आला.

"आप्पा, ह्यो काय कोंबड्यांना शिकवणार हाय का? मला द्या."

त्याने मला ओसरीच्या भिंतीवर टांगलं. विश्वजीत एमआयडीसीतल्या एका इटालियन कंपनीत मशीनवर होता. नव्या मशीनचं काम शिकायला कंपनी त्याला इटलीला धाडणार होती, म्हणून गडी इटालियन भाषेच्या मागे लागला. कामावरून आला की हातपाय धुवायचा आणि माझ्यापुढे उभा राहायचा. 'पार्लो' म्हणजे मी बोलतो. 'पार्ली' म्हणजे तू बोलतोस. 'पार्ला' म्हणजे तो बोलतो. सगळं देवनागरीत, मोठ्या गोल अक्षरांत. मी मनातून फुलून गेलो. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यावर क्रियापद चालवत होतं.

"आई, त्यांच्यात बी यावा-जावा हाय," तो चुलीकडे बघून ओरडायचा. "आपल्या व्याकरणातलं समदं हाय बघ. शेपट्या तेवढ्या न्याऱ्या."

एकदा त्याने आप्पांना सांगितलं की तिकडे मोठ्या माणसाला मान द्यायचा असला की 'ती' म्हणतात. पुरुष असला तरी 'ती'च.

"म्हंजी आपल्या चेअरमनला बी 'ती'?" आप्पांनी विचारलं.

"व्हय."

"मग राहू दे. तू तिकडंच म्हण, हितं सोसायटीत नको म्हणू."

सगळं घर हसलं. त्या हसण्यात विश्वजीतचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग ती धुक्याची सकाळ आली. ओसरीच्या कठड्यावर राहिलेला खडू दवाने भिजला होता. विश्वजीतने तोच उचलला आणि पहिल्या पाळीला निघता निघता भविष्यकाळ लिहायला घेतला. 'आंद्रो, मी जाईन. आंद्राय, तू जाशील. आंद्रा, तो जाईल.' एवढं झालं आणि त्याने घड्याळ बघितलं. "राहिल्यालं आल्यावर," असं म्हणून तो मोटरसायकलला किक मारून गेला. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली पंक्चर होऊन धुक्यात उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. विश्वजीत परत आला नाही.

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. शेजारच्या धुरपदा मावशींना वाटलं, पोराची अक्षरं बघून आईला त्रास होतो. त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसून काढलं. मी काळाभोर झालो. पण मित्रांनो, ओल्या खडूचं लिखाण फार चिवट असतं. फळा ओला आहे तोवर ते दिसत नाही, आणि जसजसा तो वाळतो तसतसं एकेक अक्षर परत वर येतं.

विश्वजीतची आई सरूबाई माझ्यासमोर बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत माझ्या काळ्या अंगातून 'मी जाईन' उमटलं. आधी 'मी', मग 'जा', मग बाकीचं. तिने पदर तोंडाला लावला.

"जाईन म्हणतोय," ती म्हणाली. "गेलो न्हाई म्हणत."

त्यानंतर रोज सकाळी सरूबाई फडकं ओलं करून आणायची, मला पुसायची आणि समोर बसून वाट बघायची. अक्षरं आली की ती उठायची आणि कामाला लागायची.

त्या दिवसापासून या घरातून भूतकाळ निघून गेला. 'विश्वजीतला पिठलं आवडतं.' 'विश्वजीत कडक इस्त्रीचाच शर्ट घालतो.' त्याच्या चपला उंबऱ्याशी आत तोंड करून ठेवलेल्या असायच्या. पाहुणा चुकून 'होता' म्हणाला तर सरूबाई त्याच्याकडे असं बघायची की तो हातातला चहा ठेवून उठायचा. मी लाकडाचा, मला कसली भीती? पण खरं सांगतो, मला भीती वाटायची. लिहिणारा हात उरला नव्हता आणि अक्षर रोज सकाळी नव्याने माझ्या अंगातून निघत होतं. कधी कधी वाटायचं, हे माझ्यावर लिहिलेलं नाही, आतून कुणीतरी लिहितंय.

विश्वजीतची धाकटी बहीण वैष्णवी तेव्हा फळप्रक्रियेची पदवी संपवत होती. दादाने सुरू केलेली भाषा तिने उचलली आणि चांगलीच उचलली. इटलीच्या एका विद्यापीठाने तिला प्रवेश देऊ केला. अट एकच, फोनवर तोंडी परीक्षा द्यायची आणि ती इटालियनमध्ये पास व्हायची. पहिल्या खेपेला ती नापास झाली. आता एकच संधी उरली होती.

ती माझ्या उरलेल्या अर्ध्या अंगावर लिहायची. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, सगळं पाण्यासारखं. अडायची ती भूतकाळात. 'एरो, मी होते. एरी, तू होतास.' मग तिसरी जागा ती रिकामी सोडायची आणि खाली 'आम्ही होतो' लिहायची. तिथे 'एरा' यायला हवं होतं. एरा म्हणजे 'तो होता'. कुठलंही क्रियापद घेतलं तरी भूतकाळात तिचा खडू 'तो'पाशी आला की उचलला जायचा. मी शाळेचा फळा, मला अशी रिकामी जागा बघवत नाही. पण या जागेपुढे माझाही कडकपणा चालेना.

"मागच्या येळी परीक्षेच्या बाईंनी भावाचं इचारलं," तिने एकदा आप्पांना हळूच सांगितलं. "मी हाय म्हणून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, आता कुठं असतो? माझी जीभच उचलली न्हाई, आप्पा."

"ह्या टायमाला मळ्यात जाऊन बोल. आईच्या कानावर नको."

"मळ्यात रेंज कुठंय? ओसरीतच येती तेवढी."

आप्पांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. ते म्हणाले, "मला दोन्ही पोरं घालवायची न्हाईत, वैशे. तू तुझं बघ. तुला जमंल तसं बोल."

परीक्षा भर दुपारी होती. वैष्णवीने खुर्चीवर तांब्या ठेवला आणि त्याला टेकून फोन उभा केला. सरूबाई दारात शेंगा निवडत बसली होती. तिला तिथून उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पलीकडच्या बाई गोड बोलत होत्या. शिक्षण झालं, गाव झालं, हवामान झालं. आणि मग त्यांनी विचारलंच, भाऊ-बहीण आहे का?

"ओ उन फ्रातेल्लो," वैष्णवी म्हणाली. मला एक भाऊ आहे.

काय करतो तो?

वैष्णवीने मान वर केली. माझ्या एका बाजूला 'मी जाईन' होतं आणि दुसऱ्या बाजूला तिची ती रिकामी जागा. फोनमधल्या बाई थांबल्या होत्या. दारातला शेंगांचा आवाजही थांबला होता. मला वाटलं, गेली ही संधी.

"लावोरावा," ती म्हणाली.

मित्रांनो, 'लावोरा' म्हणजे काम करतो. 'लावोरावा' म्हणजे काम करायचा. आपले गुरुजी ज्याला रीतिभूतकाळ म्हणत, तोच हा. 'होता' म्हटलं की माणूस एका शब्दात संपतो. 'करायचा' म्हटलं की तो थोडा वेळ काहीतरी करत राहतो. वैष्णवीला ही वाट सापडली आणि ती थांबेना. लावावा, गायी धुवायचा. कांतावा, गाणी म्हणायचा. रिदेवा, हसायचा. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि क्रियापदाची एकही शेपटी चुकत नव्हती. शेवटी पलीकडच्या बाईंनी अगदी हलक्या आवाजात तिचे आभार मानले.

फोन बंद झाला. सरूबाई शेंगांची पाटी बाजूला सारून जवळ आली.

"ते वा, वा काय म्हणत व्हतीस?"

वैष्णवीने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "दादाचं सांगत व्हते, आई. तो काय काय करायचा ते."

"करायचा," सरूबाई म्हणाली. तिने तो शब्द तोंडात धरून ठेवला. आप्पा गोठ्याकडून आले होते, ते पायरीवरच उभे राहिले. मला वाटलं, आता ती फडकं आणायला उठेल. पण ती वैष्णवीच्या शेजारी खाली बसली.

"गायी धुताना शीळ घालायचा," ती म्हणाली. "ते सांगितलंस का?"

"न्हाई, आई."

"आन् पिठल्याची खरवड भांडून घ्यायचा. ते?"

"ते बी राहिलं."

"मग काय सांगितलंस त्या बाईला," सरूबाई म्हणाली आणि रडायला लागली. विश्वजीत गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. आप्पा येऊन तिच्यापाशी बसले आणि म्हणाले, "माझी टोपी लपवून ठिवायचा." मग त्या तिघांना दिवस पुरला नाही.

वैष्णवी पास झाली. आता ती इटलीत असते आणि आठवड्यातून एकदा तिचा चेहरा फोनमध्ये दिसतो. सरूबाई मला कधी पुसते, कधी विसरते.

मित्रांनो, आम्ही जुने फळे जाता जाता मुलांना काहीतरी बजावतोच, म्हणून एवढं ऐका. तुमच्याही घरात एखादं नाव निघालं की सगळे गप्प होत असतील. घरच्या माणसांना 'होता' म्हणायला लावू नका. तो कसा हसायचा, एवढंच विचारा. विचारणारं कुणी नसलं, की आई फळ्यासमोर बसून राहते.