मामा, बाहेर बसा

सन दोन हजार एकवीस. त्या साली मेहकरच्या एका पतसंस्थेने आपल्या सगळ्या शाखा कॉम्प्युटरने जोडल्या आणि ते नेटवर्क सांभाळायला एक माणूस घ्यायचं ठरवलं. उमेदवारांना प्रश्न विचारायचं काम संगणक विभागाच्या जयमालाकडे आलं. तिची स्वतःची नोकरी अजून कायम झाली नव्हती. ती कायम करणं अध्यक्ष रामरावांच्या हातात होतं.

या संस्थेत मुलाखत म्हणजे मुलगी पाहण्याचाच थाट. उमेदवाराबरोबर मामा नाहीतर काका यायचा, चहा-पोहे व्हायचे, गाव कोणतं, सोयरे कोण, एवढं विचारलं की झालं. सगळं वडीलधारेच बोलत. उमेदवार मान खाली घालून पोहे खायचा.

जयमालाने सोबतची माणसं व्हरांड्यात बसवली. पहिली आली देऊळघाटची राखी.

"एका शाखेत नेट चालू आहे, पण सर्व्हर दिसत नाही. काय पाहशील?"

राखीने आधी केबल, मग आयपी पत्ता म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला नंबर, मग सगळ्या केबल जोडणारा स्विच असं सांगितलं. पुढच्या प्रश्नाला अडली, तेव्हा सरळ म्हणाली, "हे मले माहीत नाही. शिकून घेईन."

मग आला हर्षल, रामरावांचा सख्खा भाचा. आणि रामराव तर समोरच खुर्चीत बसलेले.

"दोन कॉम्प्युटरला एकच आयपी पत्ता पडला तर?"

"त्याले काय इचारता बाई," रामरावच बोलले. "लई हुशार पोरगं हाये."

"साहेब, त्याले बोलू द्या."

"मी बोललो काय अन् तो बोलला काय, घरचंच हाये ना!"

 आता बोललं तर नोकरी कायम होणं विसरायचं, हे जयमालाला कळत होतं. तरी ती उठली आणि तिने दार उघडलं.

"बाकीच्यांचे मामे बाहेर बसले आहेत. तुम्हीबी बसा."

"मले सांगता? माह्याच हापिसात?"

"हो. नाहीतर बाहेरचे सारे मामे आत घेते."

व्हरांड्यातून कोणीतरी हाक दिली, "या रामरावजी, सरकून घेतो, जागा हाये!" हशा पिकला. रामराव लालबुंद होऊन बाहेर गेले.

दार लागलं तसा हर्षल हळूच म्हणाला, "ताई, मले यातलं काहीच येत नाही. मामानंच ओढून आणलं. मले ट्रॅक्टरचं काम जमते."

"हे त्यांना सांगशील?"

हर्षलने घाम पुसला, बाहेर गेला आणि सगळ्यांदेखत सांगितलं.

राखी नोकरीला लागली. आज सगळ्या शाखा तीच पाहते. हर्षल मोताळ्याला ट्रॅक्टर दुरुस्त करतो. रामराव अजून अध्यक्ष आहेत, भाच्याशी मात्र दिवाळीपुरतंच बोलतात. जयमालाला त्यांनी कायम केलंच नाही. ती नोकरी सोडून आता बुलढाण्यात नेटवर्कचे वर्ग घेते. संस्थेतून परत कामावर यायचं दोनदा बोलावणं आलं, पण ती गेली नाही.