दुहेरी पाच

"डोळे मिटा आधी," टेलरमास्तर म्हणाले आणि त्यांनी निरीक्षकांच्या तळहातावर काहीतरी गार ठेवले. "हां, आता उघडा."

पाचाचे नाणे होते. नव्या भांड्यासारखे लखलखत होते.

निरीक्षकांनी खिशातून भिंग काढले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी जमणारे नाणेसंग्राहक खुर्च्या ओढत जवळ आले. निरीक्षक वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षे त्यांनी दुकानादुकानांतली वजने तपासली. खरे असेल त्यावर शिक्का, नसेल ते जप्त, मधले काही नाही. नाण्यांच्या बाबतीतही तीच तऱ्हा. टांकसाळीत छापतानाच चुकलेली नाणी ते जमवत. छाप सरकलेली, एक बाजू कोरी राहिलेली. पण अशा नाण्याला नंतर कुणी भोक पाडले असेल, ओरखडा काढला असेल, तर ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

मास्तर संग्राहक नव्हते. निरीक्षकांच्या घराखाली त्यांचे शिवणकामाचे दुकान होते, आणि दुकान बंद करताना गल्ल्यातले प्रत्येक नाणे उलटसुलट करून बघायचे, हा त्यांचा अठरा वर्षांचा नेम. आजवर एकही चुकीचे नाणे सापडले नव्हते. रविवारी मात्र ते चहाला आणि गप्पांना हमखास हजर.

"आकडा दोनदा उमटलाय," निरीक्षक पुटपुटले. "पाचावर पाच. दुहेरी छाप. अस्सल आहे."

मास्तरांचा चेहरा उजळला. "बघा! आता फुकट नाही मिळायचं हं. विकतच घ्यायचं. भाव तुम्ही सांगा, मी घासाघीस करणार नाही."

"घासाघीस करून झालेली दिसतेय," निरीक्षक म्हणाले. भिंग अजून नाण्यावरच होते. "हे कशानं घासलंत?"

"पितळेची भांडी घासायच्या पावडरीनं. काळंठिक्कर पडलं होतं हो. म्हटलं, तुमच्या हातात असं कसं द्यायचं? दुपारभर घासत बसलो."

"मास्तर, वाट लावलीत तुम्ही त्याची. हे बघा, सगळीकडे बारीक चरे. मूळची झळाळी एकदा गेली ती गेलीच. मी नाही घेणार."

एक निवृत्त ड्राफ्ट्समन मध्ये पडला. "अहो, घासलेलं असलं तरी दुहेरी छाप आहे. असं पुन्हा कधी हाताला लागणार? कमी भावात घ्या, पण घ्या."

"आज घासलेलं घ्यायचं, उद्या भोकाचं घ्यायचं. मग संग्रह कसला, भंगाराचं दुकानच ते! मला चूक टांकसाळीतली हवी, स्वयंपाकघरातली नको."

खोलीत हशा पिकला. मास्तरही हसले, जरा उशिराने. अस्तराच्या एका चिंधीत त्यांनी नाणे गुंडाळले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. चहा अर्धा ठेवून ते उठले, तेव्हा कुणाच्या ते लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद. निरीक्षकांना वाटले, रुसले असतील, येतील आपणहून. पुढच्या रविवारीही मास्तर आले नाहीत. 'एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग?' असे म्हणत निरीक्षकांनीही ताणून धरले. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या इस्त्रीवाल्याने सांगितले, मास्तर दवाखान्यात आहेत.

निरीक्षक धावतच गेले. मास्तर उशीला टेकून बसले होते. गाल आत गेलेले, मनगटावर सुईची पट्टी. त्यांनी निरीक्षकांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"पँटच्या डाव्या पायाची शिलाई उसवलीय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडे देऊ नका. मी आलो की घालून देतो टाके."

"या लवकर," निरीक्षक म्हणाले. नाण्याविषयी बोलायचे म्हणून ते आले होते. येताना वाटेत वाक्यसुद्धा जुळवले होते. पण नर्स आली, मग मास्तरांना खोकल्याची उबळ आली, मग भेटीची वेळ संपली. वाक्य तसेच घेऊन ते घरी परतले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मास्तर गेले.

पंधरवडा उलटल्यावर निरीक्षक त्यांच्या घरी गेले. मास्तरांच्या बायकोने खोलीभर कापड पसरले होते. गिऱ्हाइकांचे बेतलेले पण न शिवलेले कपडे चिठ्ठ्या बघून ती परत करण्यासाठी बांधत होती.

"वहिनी," निरीक्षक म्हणाले, "मास्तरांनी एक नाणं आणलं होतं. घासलेलं. ते मला विकत हवंय. तुम्ही म्हणाल ती किंमत."

तिचे हात थांबले. "नाणं आणलं तेव्हा त्यांना आजाराचं कळलेलं होतं, भावजी. डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाले." तिने एक गठ्ठा उगाचच पुन्हा बांधला. "मी म्हटलं, एवढं काय ते नाणं, देऊन टाका भेट. तर म्हणाले, भेटीचं ते वेगळं ठेवतात. विकत घेतलं की वहीत नाण्याखाली लिहितात, कुणाकडून घेतलं ते. माझं नाव राहील तिथं."

निरीक्षकांनी मान खाली घातली. खरेच होते ते. प्रत्येक नाण्याखाली त्यांच्याच वळणदार अक्षरात नाव असे.

"त्या दिवशी घरी आल्यावर काही बोलले?"

"काहीच नाही. गल्ल्यात टाकलं. म्हणाले, पाचाचं नाणं आहे, कुठंही चालेल." ती घुटमळली. "परवा भाजी घेताना चिल्लर कमी पडली. गल्ल्यातलं सगळं घेऊन गेले होते मी... त्यातच दिलं असेल. मला सुचलंच नाही हो, भावजी."

"नाही नाही, वहिनी. तुम्हाला कसं सुचणार?"

कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे चिल्लरीचा पत्र्याचा डबा होता. निरीक्षकांनी तिला आधी एक मोठी नोट पुढे केली. तिने ती परत सारली आणि डबा त्यांच्यासमोर उपडा केला. टोपलीच्या काठाशी ओणवे होऊन ते एकेक पाचाचे नाणे उचलू लागले. भिंगाखाली एकेक पाच मोठा होई. एकेरी, स्वच्छ, बिनचूक.

"कालच बरीचशी चिल्लर मंडईत दिली मी," भाजीवाली म्हणाली. "एवढं काय होतं त्यात?"

"आकडा दोनदा छापला गेला होता."

"मग लाखमोलाचं असेल."

"नाही. घासून घासून खराब झालं होतं. कुणी घेतलं नसतं."

भाजीवाली हसली. "खराब झालेलं, आणि तुम्ही एवढे शोधताय?"

निरीक्षकांनी भिंग डोळ्यावरून खाली घेतले.

"माझ्या मित्रानं घासलं होतं," ते म्हणाले.

वांग्यांची पाटी बाजूला सरकवून भाजीवालीने आपले लाकडी स्टूल त्यांच्याकडे ढकलले. "बसा," ती म्हणाली. "उभ्यानं किती वेळ बघाल?"