शिंगाची गुंडी आणि धाकट्याचा कान

मित्रांनो, हसू नका, मी एक जुनी गुंडी आहे. तुम्ही बटण म्हणता, म्हणा बापडे! शिंगाची, चार भोकांची, ओव्हरकोटासाठी घासून गुळगुळीत केलेली. कोट शिवून गेला आणि मी जास्तीची म्हणून शिंपी मास्तरांच्या डब्यात उरले.

पण माझं नशीब थोर! सुट्टीच्या दुपारी मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ कापणीच्या टेबलावर पोकर खेळत. वहिनी शेजारी काजं करत बसायच्या. डावावर पैशांऐवजी गुंड्या लागायच्या. सदऱ्याच्या गुंड्या म्हणजे चिल्लर, मी सगळ्यांत मोठी. मला पुढे सरकवणाऱ्याने सोबत एक अट घालायची आणि ती दोघांनी निमूटपणे पाळायची, असा घरचा कायदाच होता. भांडी कोणी घासायची, खिडकीजवळचं मशीन कोणाचं, सगळं माझ्यावर ठरायचं. काय तोरा होता माझा!

मग धाकट्याला दूरच्या शहरातल्या कारखान्यात नोकरी मिळाली. त्याने जावं की राहावं, यावर घरात कोणी तोंडच उघडेना. शिलाईवर तासभर वाद घालतील, पण मनातलं बोलायचं म्हटलं की दोघेही मुखदुर्बळ.

त्या दुपारी धाकट्याने सगळ्या गुंड्यांसकट मला पुढे सरकवलं.

"दादा, मी जिंकलो तर जाईन. हरलो तर इथेच राहीन."

आता मास्तरांपुढे दोनच वाटा होत्या. तेवढ्याच गुंड्या लावून पत्ते उघडायला लावायचे, नाहीतर आपले पत्ते उलटे टाकून हार मानायची. धाकटा कान चोळत होता. लहानपणापासून थाप मारताना त्याचा हात कानाकडे जातो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे पत्ते उघडले की भाऊ घरीच! मला तर नाचावंसं वाटलं. मास्तर बराच वेळ पत्त्यांच्या कडा चाचपत राहिले. एकदा त्यांनी धाकट्याच्या मशीनकडे पाहिलं आणि पत्ते उलटे टाकले.

"जा," ते म्हणाले.

धाकटा आत बॅग भरायला गेला. वहिनींनी दोघांचे पत्ते उलटून पाहिले. मास्तरांचे तीन राजे. धाकट्याची साधी जोडीसुद्धा नव्हती.

"अहो, त्याचा कान दिसला नाही का?"

"दिसला. जायचंच आहे, म्हणून तर थाप मारली त्याने. मी कशाला आडवा येऊ?" मास्तरांनी डोळे पुसले आणि इस्त्रीच्या वाफेवर खापर फोडलं.

निघताना धाकट्याने मला खिशात टाकलं. गाडी सुटल्यावर मुठीत घट्ट धरलं आणि तो स्वतःशीच पुटपुटला, "मुद्दाम चोळला होता कान. दादाने बघावा म्हणून. बघितला, आणि तरी जा म्हणाला."

अगं बाई! दोघांच्याही मनातलं फक्त मला ठाऊक.

आता मी त्याच्या कोटावर आहे. बाकीच्या गुंड्यांशी माझा रंग जुळत नाही, पण दर हिवाळ्यात तो मला नव्या दोऱ्याने पक्की करतो. फोनवर दोघे भाऊ हवापाण्याचं बोलतात, तेव्हा त्याचा अंगठा माझ्यावर फिरत असतो. मला त्या खडूच्या वासाची, कात्रीच्या आवाजाची फार आठवण येते हो. मास्तरांची तर रोजच येते.

मित्रांनो, जुन्या गुंड्या जपाच. पण "जाऊ नकोस" आणि "मला थांबव" हे आमच्यावर सोपवू नका. मला भोकं चार आहेत, तोंड एकही नाही. तुम्हाला आहे.