शीडाखालची दोन अंडी

ठिपकेदार अंडी, दोन.
पितळी दुर्बीण.
इस्त्रीच्या पांढऱ्या विजारी.
आदल्या दिवशीच्या बोंबलांचा वास.
एका पक्ष्याचे ओले पोट.

मित्रांनो, मी एक जुने शीड आहे. हे सगळे एकाच दिवशी माझ्याजवळ आले.

पनवेलच्या बंदरात काळूराम कोळ्याच्या वडिलांनी मला मांजरपाटातून शिवले आणि ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस केले. वाऱ्यात मी होडी ओढायचो. वारा नसला की मला भिजवून मासळीवर पसरत. माझ्याखालची मासळी टिकते, असे बाजारात बायका म्हणत. मला त्याचा फार अभिमान होता.

सन छप्पन्नच्या चैत्रात दाजी मास्तर मुंबईच्या दोन पाहुण्यांना खाडीतले पक्षी दाखवायला घेऊन आले. होडी काळूरामची, मागच्या वल्ह्यावर त्याची बायको रंभा. दाजींनी चिखलात धावणारे तुतवार दाखवले, पाण्यावरचे कुरव दाखवले. मग गव्हाण गावाच्या बाजूला, शिंपल्यांच्या उंचवट्यावर, सुरय पक्ष्याची अंडी दिसली. घरटे नाही, आडोसा नाही, शिंपल्यांतच ठेवलेली.

"जरा जवळ घे, काळूराम. पाचच मिनिटं."

"पानी उतरतंय, मास्तर," रंभा म्हणाली.

"तू वल्हं मार गप," काळूराम म्हणाला. पाहुण्यांपुढे त्याला नाही म्हणवेना.

पाहुण्यांनी पाहिले, मग जेवणाचे डबे उघडले. ओहोटीने होडी चिखलात बसली, अंड्यांपासून दोन हातांवर. आता भरती येईपर्यंत ती हलणार नव्हती.

सुरय वर घिरट्या घालू लागली. ती दूर पाण्यावर जाई, पोट भिजवून परत येई. त्या ओल्या पोटाने तिला अंडी गार करायची होती. पण माणसे पाहून ती उतरत नसे. ऊन चढत होते.

"सगली खाली उतरा नि लांब बसा," रंभा म्हणाली. "ती येल मंग."

"कमरेएवढा चिखल आहे," एक पाहुणा दाजींना हळूच म्हणाला. दाजी दुर्बीण पुसत राहिले. रंभा एकटीच उतरली आणि चिखल तुडवत लांब जाऊन बसली.

काळूरामचा चेहरा उतरला. मग त्याला जे येत होते, ते त्याने केले. होडीच्या तळाचे पाणी माझ्यावर ओतले, होडीतूनच वाकून अंड्यांच्या दोन्ही बाजूंना वल्ही आडवी ठेवली आणि त्यांवर मला पसरले.

"अरं, ती काय बोंबील हायत?" रंभा लांबून ओरडली.

खाली गारवा झाला. मला वाटले, आपण वाचवतो आहोत.

तेवढ्यात सुरय आली. माझ्यावरच उतरली. इकडून तिकडे चालली, चोचीने माझी कड ओढली. तिच्या पोटाचे पाणी माझ्यात मुरले. खाली पोचले नाही.

"काढ ते. तिला दिसू दे," रंभा पुन्हा ओरडली.

काळूराम हलला तशी ती उडाली. "काढलं तर ऊन लागल," तो पुटपुटला आणि तसाच बसला. ती पुन्हा उतरली नाही.

दुपारी मी वाळलो. ओतायला पाणी उरले नव्हते. माझ्याखाली भट्टी झाली.

भरती आल्यावर त्याने मला उचलले. दुसऱ्या दिवशी तो आणि रंभा पाहायला गेले, तेव्हा अंड्यांना मुंग्या लागल्या होत्या. येताना चांगला वारा होता, तरी काळूराम मला न उभारता वल्हवत आला.

आता मी त्यांच्या परसात सरपणावर पडून असतो. भोके पडली आहेत. साधी चिमणी अंगावर बसली तरी वाटते, माझ्याखाली हिचे काही राहिले तर नाही ना.

मित्रांनो, पक्षी जरूर पाहा, पण लांबून. आणि मायेने कशावर पांघरूण घालाल, तेव्हा एकदा वर पाहा. कुणीतरी त्याच्याकडे यायला निघालेले असेल.

त्या सकाळी वारा अजिबात नव्हता. पाहुण्यांच्या विजारी मळू नयेत एवढ्याचसाठी काळूरामने मला बसायच्या फळीवर अंथरायला बरोबर घेतले होते.